घरच्यांच्या साथीने लांब पल्ल्याची पायवाट पूर्ण करताना

शेकडो किंवा हजारो किलोमीटरची पायवाट चालून जाणाऱ्याचे कौतुक होते; रस्त्याच्या कडेला गाडी लावून चार-चार तास त्याची वाट पाहत बसलेल्या घरच्या माणसाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक घरच्यांच्या मदतीने एखादी लांब वाट पूर्ण करायची ठरवली, तर आखणीचा मोठा भाग या थांबणाऱ्या माणसासाठीच करावा लागतो. चालणाऱ्याला निदान पुढचे वळण दिसत असते. थांबणाऱ्याला काहीच दिसत नसते, आणि त्याला जितके अंदाज बांधावे लागतात तितक्या चुका वाढत जातात: गाडी भलत्याच फाट्यावर उभी राहते, हवा तो डबा हव्या त्या ठिकाणी पोहोचत नाही, तीन तासांच्या उशिरामुळे शोधाशोध सुरू होते आणि शेवटी दोन्हीकडे चिडचिड होते. म्हणून हा लेख चालणाऱ्याने एकट्याने न वाचता घरच्यांसोबत बसून वाचावा.

पल्ला किती मोठा असू शकतो, याची कल्पना आधी असावी. ब्रिटनमधील पेनाइन वे ही १९६५ साली खुली झालेली वाट सुमारे ४३१ किलोमीटरची आहे आणि ती साधारण अडीच-तीन आठवड्यांत होते. न्यूझीलंडची ते अरारोआ सुमारे ३,००० किलोमीटरची आहे. अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाते आणि बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. अमेरिकेतीलच पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल त्याहून लांब, सुमारे ४,२६५ किलोमीटरची आहे. अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग पूर्ण करण्याच्या इराद्याने निघालेल्यांपैकी साधारण चारांतील एकच जण शेवटपर्यंत पोहोचतो. उरलेले कड्यावरून पडतात असे मुळीच नाही. गुडघा किंवा घोटा दुखावणे, पैसे संपणे, सततच्या ओलीला आणि एकटेपणाला कंटाळणे, घरी काहीतरी अडचण येणे, अशी साधी कारणे असतात. यांपैकी बऱ्याच कारणांवर घरच्यांची मदत लागू पडते, मात्र ती वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे मिळाली तरच.

मदत किती आणि कसली, हे आधी ठरवावे

लांब वाटांच्या जगात मदतीचे तीन प्रकार मानले जातात. 'सपोर्टेड' म्हणजे गाडी घेऊन माणसे ठिकठिकाणी भेटतात, सामान आणि खाणे पुरवतात. 'सेल्फ-सपोर्टेड' म्हणजे चालणारा वाटेवरच्या गावांतून खरेदी करतो किंवा आधी टपालाने पाठवलेले डबे घेतो. आणि 'अनसपोर्टेड' म्हणजे पाणी सोडून सगळे पहिल्या दिवसापासून पाठीवर. हा फरक मुख्यतः विक्रम नोंदवणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे, पण पहिल्या प्रकारात किती कष्ट असतात हे त्यावरून कळते. २०११ साली जेनिफर फार डेव्हिस यांनी अ‍ॅपलाचियन ट्रेल ४६ दिवस ११ तास २० मिनिटांत पूर्ण केली, म्हणजे दिवसाला सरासरी ७५ किलोमीटर. त्या सगळ्या काळात त्यांचे पती ब्रू डेव्हिस रस्ते आणि वाट जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्यांना गाठत होते, आणि ते काम पूर्ण वेळेच्या नोकरीपेक्षा कमी नव्हते. दुसऱ्या टोकाला एमा गेटवुड आहेत. अकरा मुलांच्या या आईने १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, मुलांना नेमके कुठे जात आहोत हे न सांगता हीच वाट पूर्ण केली होती. त्या धाडसाचा आदर राखूनही, त्यांचा हा कित्ता कोणी गिरवू नये असे मला वाटते.

सर्वसामान्य कुटुंबाला यांच्या मधली जागा शोधावी लागते. सहा महिने गाडी घेऊन मागे फिरणे जवळपास कोणालाच जमत नाही, आणि जमवण्याचा प्रयत्न केला तर दुसऱ्या महिन्यात थांबणारा माणूस चालणाऱ्याच्या आधी थकतो. माझा सल्ला असा की, घरच्यांची प्रत्यक्ष हजेरी पहिल्या दोन आठवड्यांत आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठेवावी आणि मधला काळ टपाल व फोनवर भागवावा. सुरुवातीला सामानाची निवड चुकलेली असते, ओझे कमी करायचे असते, बूट चावत असतात. अशा वेळी नको असलेल्या वस्तू परत न्यायला कोणी आले तर पुढचे शेकडो किलोमीटर हलके होतात. शेवटी शरीर झिजलेले असते आणि हवामानाची मुदत जवळ येत असते. मधल्या काळात चालणारा आपल्या लयीत आलेला असतो. तेव्हा वारंवार भेटायला जाण्याने ती लय मोडतेच, शिवाय प्रत्येक भेटीनंतर पुन्हा वाटेला लागणे जड जाते.

निघण्यापूर्वी एका बैठकीत काही गोष्टी कागदावर उतरवाव्यात. मुख्य संपर्क एकच व्यक्ती असावी. बाकी नातेवाइकांनी खुशाली तिच्याकडून घ्यावी, नाहीतर दहा दिवसांनी फोनला रेंज मिळालेल्या माणसाचा सगळा विश्रांतीचा दिवस उत्तरे देण्यात जातो. मदतीला येणाऱ्याने आपल्या मर्यादा स्पष्ट सांगाव्यात: सलग किती तास गाडी चालवता येईल, रात्री डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर जाता येईल का, रजा किती आहे. पैशांचा हिशेबही याच वेळी करावा, कारण गाडीचे इंधन आणि घरच्यांचा मुक्काम यांचा खर्च चालणाऱ्याच्या खर्चाच्या बरोबरीने जाऊ शकतो, आणि तो बहुतेक अंदाजपत्रकांत धरलेलाच नसतो.

सर्वांत अवघड बोलणे वाट अर्ध्यावर सोडण्याबद्दलचे असते. पावसात भिजलेल्या, उपाशी माणसाचा 'मला न्यायला ये' असा फोन एकदा तरी येणारच, हे गृहीत धरावे. घरच्यांनी अशा वेळी काय करायचे, हे चालणाऱ्याने स्वतः, धडधाकट असताना ठरवून द्यावे. चांगला करार असा असतो: इजा, ताप, छातीत दुखणे किंवा तोल जाणे यांपैकी काही असेल तर प्रश्न न विचारता निघायचे, तसे नसेल तर आधी पोटभर जेवण, कोरड्या जागी एक रात्र आणि एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, आणि त्यानंतरही तेच म्हणणे असेल तर कोणताही टोमणा न मारता परत आणायचे. थकव्यातून आलेला निर्णय आणि विचारांती घेतलेला निर्णय यांत फरक करायला हा एक दिवस पुरतो.

वेळापत्रक: अंतराने नव्हे, तासांनी

घरच्यांना नकाशावर वीस किलोमीटर दिसतात आणि ते दुपारी दोनची वेळ धरतात. प्रत्यक्षात चालणारा अंधार पडता पडता येतो. हा घोटाळा टाळण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला नियम अजूनही उपयोगी आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. समजा टप्पा २४ किलोमीटरचा आहे आणि एकूण चढ १,२०० मीटरचा, तर चालण्याचे सुमारे चार तास पन्नास मिनिटे आणि चढाचे दोन तास, असे सहा तास पन्नास मिनिटे होतात. हा नियम धडधाकट माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि न थांबता चालण्याचा आहे. पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक असेल तर त्यात चौथा हिस्सा वाढवावा, जेवण आणि पाणी गाळण्यासाठी तासभर धरावा, आणि दगडधोंड्यांची किंवा चिखलाची वाट असेल तर आणखी मोकळीक ठेवावी. म्हणजे सकाळी सातला निघालेला माणूस साडेचारच्या सुमारास आणि कदाचित साडेपाचपर्यंतही येईल. घरच्यांना 'साडेचार वाजता' असे न सांगता 'साडेचार ते साडेपाच' असे सांगावे.

दोन-तीन आठवड्यांनी चालणाऱ्याचा स्वतःचा वेग कळतो. मग नेस्मिथचा नियम बाजूला ठेवून गेल्या सहा-सात दिवसांची खरी सरासरी घ्यावी आणि तीच घरी कळवावी.

आठवड्यातून एक पूर्ण विश्रांतीचा दिवस, ज्याला वाटेवरचे लोक 'झीरो डे' म्हणतात, वेळापत्रकात असावाच. घरच्यांची भेट शक्यतो याच दिवसाला जोडावी, म्हणजे भेटीचा वेळ चालण्यातून कापला जात नाही.

टपालाने जाणारी रसद

सहा महिन्यांचे सगळे खाणे घरी बांधून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. एकच चव महिनाभरात नकोशी होते, आणि तिसऱ्या महिन्यात चालणारा 'ते पाठवू नका' असे सांगतो तेव्हा घरात चाळीस पाकिटे शिल्लक असतात. जिथे दुकाने लांब आहेत अशाच ठिकाणांसाठी डबे करावेत. दिवसाला साधारण पाऊण ते एक किलो कोरडे खाणे लागते. लांब चालणाऱ्याचे शरीर दिवसाला चार हजार कॅलरींहून अधिक खर्च करू शकते, त्यामुळे पहिल्या महिन्यानंतर भूक घरच्यांच्या कल्पनेपलीकडे वाढते.

प्रत्येक खोक्यावर उचलणाऱ्याचे पूर्ण नाव, ओळखपत्रावर असेल तसेच, आणि येण्याची अपेक्षित तारीख ठळक लिहावी. टपाल कार्यालये पार्सल ठरावीक दिवसच ठेवतात आणि सुटीच्या दिवशी बंद असतात, म्हणून खोके अपेक्षित तारखेच्या आठ-दहा दिवस आधी पोहोचेल असे पाठवावे आणि शनिवारी दुपारनंतर पोहोचायचा बेत करू नये. स्वयंपाकाच्या गॅसच्या डब्या टपालाने पाठवण्यावर बंधने असतात. त्या गावातच घ्याव्यात. खोकी आधीच बंद करून ठेवू नयेत. ती उघडी ठेवली तर शेवटच्या क्षणी औषध, मोजे किंवा पुढच्या भागाचा नकाशा टाकता येतो.

बुटांचा हिशेब वेगळा करावा. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे ३,५०० किलोमीटरसाठी पाच ते सात जोड लागतात. सगळे एकदम विकत घेऊन ठेवणे चुकीचे ठरते, कारण पहिल्या काही आठवड्यांत पाय सुजून आणि पसरून अर्धा ते एक नंबर मोठे होतात. दुसरा जोड मागवण्याआधी चालणाऱ्याने दुपारी, चालून झाल्यावर, पाऊल मोजून घरी कळवावे.

भेटीची जागा

घरच्यांच्या मदतीत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे थोडे जास्त थांबू. पायवाट जिथे गाडीरस्त्याला छेदते ती जागा नकाशावर एका ठिपक्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावायच्या जागा असू शकतात, वाट रस्त्यावरून दोनशे मीटर जाऊन मग पुन्हा झाडीत शिरत असेल, किंवा एकाच नावाच्या दोन खिंडी दोन जिल्ह्यांत असतील. 'पुलापाशी भेटू' असे ठरलेले असते आणि पूल दोन असतात. चालणारा एका पुलावर, घरचे दुसऱ्या पुलावर, आणि मधल्या दरीत फोनला रेंज नाही.

म्हणून प्रत्येक भेटीसाठी चार गोष्टी लेखी असाव्यात. पहिली, अक्षांश-रेखांश, दशांश पद्धतीत आणि किमान चार दशांश स्थळांपर्यंत. एवढ्याने जागा दहा-बारा मीटरच्या आत निश्चित होते. दुसरी, शब्दांतले वर्णन: 'उत्तरेकडे जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला, माहितीफलक असलेली खडीची जागा'. तिसरी, गाडी तिथपर्यंत जाते का, रस्ता कच्चा आहे का, आणि ऋतूनुसार बंद होतो का. चौथी, पर्यायी जागा: पहिली हुकली तर पुढच्या कोणत्या छेदापाशी आणि किती वाजता. चौथ्या मुद्द्याचा कंटाळा केला जातो, पण पूर, कोसळलेले झाड किंवा वणव्यामुळे बंद केलेला भाग या गोष्टी लांब वाटेवर नित्याच्या आहेत. हे सारे दोन प्रतींत लिहावे. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत सॅकच्या वरच्या खणात, दुसरी गाडीत. फोनमध्येही ठेवावे, मात्र फोनवरच विसंबू नये.

न भेटल्यास कोणी हलायचे, हेही ठरलेले असावे. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले की चुकामूक वाढते. नियम सोपा आहे: गाडी जागेवर राहते. चालणारा आधी पोहोचला तर तोही तिथेच थांबतो आणि ठरलेली वेळ उलटून दोन तास झाल्यावरच पर्यायी जागेकडे निघतो, तोही दगडाखाली तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवून. मागाहून ती चिठ्ठी उचलून न्यायला मात्र घरच्यांनी विसरू नये.

थांबणाऱ्यासाठी सामान वेगळे लागते. घडीची खुर्ची, ऊन-पावसापासून आडोसा, स्वतःचे जेवण-पाणी, उबदार कपडे, हेडटॉर्च, कागदी नकाशा, आणि तास दोन तास मन रमेल असे काहीतरी. थंडीत गाडी चालू ठेवून बसू नये. बर्फ साचून धुराची नळी बुजली तर आत विषारी वायू साठतो. लहान मुले सोबत असतील तर भेटीची जागा रस्त्यालगत न निवडता मोकळ्या मैदानाशी निवडावी.

गाडीपाशी पाऊण तास

चांगली भेट कशी असते ते पाहा. गाडीची डिकी उघडी आहे, खुर्ची सावलीत मांडली आहे, आणि शेजारी बादलीत कोमट पाणी व साबण आहे. चालणारा येतो, सॅक उतरवतो आणि आधी हात धुतो. हा क्रम महत्त्वाचा आहे: लांब वाटांवर उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथी येतात, आणि अल्कोहोलयुक्त जेल त्या विषाणूवर साबणाइतके परिणामकारक नसते. मग बूट आणि मोजे निघतात. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे केले जातात आणि घरचा माणूस ते उजेडात पाहतो, कारण टाचेची मागची बाजू स्वतःला नीट दिसत नाही. लाल झालेली जागा अजून फोड नसते. तिथे याच वेळी टेप लावली तर फोड टळतो.

तोवर चालणारा खात असतो. प्रश्नांची सरबत्ती खाणे झाल्यावर करावी. दुसरा माणूस सॅकमधला कचरा काढतो, पॉवर बँक बदलतो, पुढच्या टप्प्याचे खाणे भरतो. इथे एक नियम कटाक्षाने पाळावा: सॅकच्या आत कोणती वस्तू कुठे आहे ते फक्त चालणाऱ्याने ठरवावे. घरच्यांनी प्रेमाने लावलेल्या सॅकमध्ये रेनकोट तळाशी जातो, आणि ते पहिल्या सरीत कळते. भरायचे सामान डिकीत मांडून ठेवावे; आत घालण्याचे काम त्याच्याकडे सोडावे.

निघताना पुढची जागा, वेळ आणि पर्यायी जागा दोघांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवावी. बालिश वाटते, पण चुका इथे पकडल्या जातात. पाऊण तासाहून अधिक थांबू नये. स्नायू थंड पडतात आणि खुर्ची सोडवत नाही.

गाडी हाताशी असेल तर काही दिवस 'स्लॅकपॅकिंग' करता येते, म्हणजे जड सामान गाडीत ठेवून छोट्या पिशवीसह दिवसभराचा टप्पा चालायचा. दुखावलेल्या गुडघ्याला त्याने मोठा दिलासा मिळतो. मात्र छोट्या पिशवीतही पाऊस-थंडीचे कपडे, हेडटॉर्च, नकाशा, प्रथमोपचार, पाणी गाळण्याचे साधन आणि एक जादा जेवण असलेच पाहिजे. संध्याकाळी गाडी भेटणार म्हणून हलके निघालेला माणूस घोटा मुरगळून रात्रभर डोंगरावर अडकू शकतो.

संपर्क तुटला तर

डोंगरात मोबाइलची रेंज धरून चालू नये. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र घ्यावे. इरिडियमसारख्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारी यंत्रे जगात जवळपास कुठेही काम करतात. तरीही खोल दरीत किंवा दाट झाडीत संदेश जायला वेळ लागतो, कधी तो अडकूनही राहतो. नकाशावरचा ठिपका दोन तास हलला नाही, याचा अर्थ अपघात झाला असा होत नाही. यंत्राची बॅटरी संपली असेल, ते सॅकच्या तळाशी असेल किंवा माणूस झाडाखाली झोपला असेल. घरच्यांना हे आधीच समजावून सांगितले नाही, तर ते यंत्र दिलासा देण्याऐवजी झोप उडवते.

प्रत्येक टप्प्यासाठी तीन वेळा ठरवाव्यात. पहिली, पोहोचण्याची अपेक्षित वेळ. दुसरी, घरच्यांनी स्वतःहून संदेश पाठवण्याची आणि वाटेवरच्या मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करण्याची वेळ. तिसरी, बचाव यंत्रणेला कळवण्याची वेळ. साध्या उन्हाळी टप्प्यावर तिसरी वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची असू शकते, कारण रात्री कुठेतरी तंबू टाकून राहण्याची सोय चालणाऱ्यापाशी असते. कडाक्याच्या थंडीत किंवा तो स्लॅकपॅकिंग करत असेल तर ती त्याच संध्याकाळची असावी. तिसरी वेळ आली की 'थोडे अजून थांबू' असे म्हणू नये. कळवताना लागणारी माहिती तयार असावी: अलीकडचा फोटो, तंबू, सॅक आणि जाकिटाचा रंग, बुटाच्या तळव्याचा फोटो (मागावरचे ठसे ओळखायला तो फार उपयोगी पडतो), औषधे व आजार, शेवटचा संदेश कुठून आला, आणि तो माणूस अडचणीत वाट सोडतो की जागेवर थांबतो.

घरचे सोबत चालणार असतील तर

तीन-चार महिने चाललेल्या माणसाचा दिवस तीस किलोमीटरचा झालेला असतो, आणि सोबत आलेल्या भावाचा किंवा मुलीचा दहा-बारा किलोमीटरचा. अशा दिवशी वेग आणि अंतर नव्या माणसाचेच धरावे, आणि तो दिवस चालणाऱ्याने अर्ध्या विश्रांतीचा मानावा. नव्या माणसाने पुढे चालावे, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो. त्याला खुणा वाचायला आधी शिकवावे. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर झाडांवर साधारण पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच पांढरे पट्टे असतात, एकावर एक दोन पट्टे दिसले तर वळण आहे असे समजायचे, आणि निळे पट्टे बाजूच्या वाटांचे असतात. कोणत्याही फाट्यावर मागच्याची वाट पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढा नियम कुटुंबाला पुरेसा आहे.

शेवटचा टप्पा

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी सोबत असावे असे प्रत्येक कुटुंबाला वाटते, आणि नेमक्या त्याच दिवशी आखणी फसते, कारण अनेक वाटांचा शेवट गाडीरस्त्यापासून दूर आणि नियमांनी बांधलेला असतो. अ‍ॅपलाचियन ट्रेलचे उत्तर टोक मेन राज्यातील कटाह्डिन या १,६०६ मीटर उंचीच्या शिखरावर आहे. पायथ्यापासून माथा एका बाजूने सुमारे ८.४ किलोमीटर आहे, चढ बाराशे मीटरांहून अधिक आहे, वरच्या भागात दगडांवर हातांनी चढावे लागते आणि काही जागी लोखंडी कांबी धराव्या लागतात. ज्याने साडेतीन हजार किलोमीटर पायाखाली घातले त्याला हे जमते. खुर्चीवरच्या नोकरीतून काल आलेल्याला जाऊन-येऊन दहा-बारा तास लागू शकतात. हे शिखर बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये असल्याने लांबून चालत येणाऱ्याला तिथला वेगळा परवाना घ्यावा लागतो, गाडी लावण्याची जागा आधी राखून ठेवावी लागते, कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे, आणि मुक्कामाचा हंगाम १५ ऑक्टोबरला संपतो. वर्षभर वाट पाहिलेला घरचा कुत्रा घेऊन आलेल्या कुटुंबाला दारातूनच परत फिरावे लागते. त्याआधीचा सुमारे १६० किलोमीटरचा 'हंड्रेड-माइल विल्डरनेस' हा भाग गावांविना आहे आणि त्याच्या तोंडाशी दहा दिवसांची शिधासामग्री असल्याशिवाय जाऊ नये असा फलक आहे, म्हणून घरच्यांनी त्या भागाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा भेटावे.

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलची गंमत वेगळी आहे. तिचा शेवट अमेरिका-कॅनडा सीमेवर आहे. पूर्वी परवाना घेऊन तिथून थेट कॅनडातील मॅनिंग पार्कात उतरता येत असे, पण जानेवारी २०२५पासून कॅनडाने असे परवाने देणे थांबवले. त्यामुळे सीमेवरच्या खांबाला हात लावून चालणाऱ्याला अमेरिकेच्या बाजूच्या हार्ट्स पास या खिंडीपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर मागे यावे लागते. जुनी माहिती वाचून कॅनडाच्या बाजूला थांबलेले घरचे तिथे कोणालाच भेटणार नाहीत. हार्ट्स पासचा रस्ता कच्चा आणि अरुंद आहे, तिथे मागे ओढायचे ट्रेलर नेता येत नाहीत, आणि शरद ऋतूत बर्फाने तो बंद होतो. नियम असे बदलतात, म्हणून शेवटच्या भागाची माहिती निघताना एकदा आणि पोहोचण्याच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा संबंधित व्यवस्थापनाकडून तपासून घ्यावी.

परतीची तिकिटे शेवटच्या तारखेला चिकटवून काढू नयेत. विमान पकडायचे म्हणून वादळी दिवशी माथ्यावर जाण्याचा आग्रह होतो, आणि तो आग्रह बहुधा घरच्यांच्या बाजूने, नकळत येतो. किमान चार दिवस मोकळे ठेवावेत. ज्यांना वर चढणे झेपणार नाही त्यांनी पायथ्याशी थांबावे, आणि चालणाऱ्यानेही ते मनापासून मान्य करावे. वरती कोण सोबत असेल, की शेवटचा तास त्याला एकट्याला हवा आहे, हे त्यालाच विचारावे. अनेकांना तो तास एकट्याचा हवा असतो आणि घरच्यांचे मन मोडेल म्हणून ते बोलत नाहीत.

वाट संपल्यावरचे पहिले महिने

शरीर लगेच थांबत नाही. भूक काही आठवडे तशीच राहते आणि चालणे थांबलेले असते, त्यामुळे जेवण टप्प्याटप्प्याने कमी करावे. पायांच्या बोटांचा बधिरपणा कित्येकदा महिने टिकतो. तो वाढत असेल, किंवा एका पोटरीत सूज आणि दुखणे असेल, तर डॉक्टरांना दाखवावे, विशेषतः लांबच्या प्रवासात बसून आल्यानंतर. रोज तासभर चालणे चालू ठेवले तर सांधे कमी धरतात.

मनाचेही तसेच होते. सहा महिने रोज एकच स्पष्ट काम असलेल्या माणसाला घरात सैरभैर वाटते, झोप लागत नाही, गर्दी नकोशी होते. घरच्यांनी याला कृतघ्नपणा समजू नये आणि पहिल्याच आठवड्यात नातेवाइकांचा मेळावाही भरवू नये. हे महिना-दोन महिने ओसरले नाही तर तज्ज्ञांची मदत घ्यावी.

तंबू आणि स्लीपिंग बॅग पूर्ण वाळवूनच गुंडाळावी, कारण ओल राहिली तर कापडावर बुरशी धरते. उपग्रह यंत्राचे मासिक शुल्क बंद करायला बहुतेक जण विसरतात. उरलेली, न पाठवलेली खोकी शेवटी घरीच उघडली जातात. त्यांतली औषधे आणि खाणे मुदत पाहून वेगळे काढावे, आणि कोणत्या ठिकाणचे खोके लागलेच नाही हे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वाटेच्या वेळी तेवढी बांधाबांध वाचते.